राग कुणाचा, रडू कुणाचं?

(मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांमधून बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या एका मैत्रिणीनं कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं हे भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं संक्षिप्त केलं आहे. मुलांची ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो,

भाषणाची मला सवय नाही. समोर दप्तरं घेतलेली मुलं असली की तोंड सुटतं, मोठ्या माणसांसमोर अडखळते. तेव्हा वर्गात बोलते तशीच बोलणार आहे. मधे काही विचारावंसं वाटलं तर हात वर करा.

काल रात्री जेवणं झाल्यावर आपण गोल करून बसलो होतो. प्रत्येकीनं आपल्याला शेवटचा राग कधी आला ते सांगायचं होतं. बऱ्याच जणींना आठवेचना. एक ताई म्हणाल्या, "मला राग येतो हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. तोवर मला वाटायचं, माझं डोकं दुखतंय." आपण सगळ्या हसलो. मग हळूहळू हसू थांबलं.

रात्री मला झोप लागली नाही. त्या ताई चौथीपर्यंत शाळेत गेल्या आहेत. कुणीतरी बाईंनी, गुरुजींनी त्यांना बाराखडी शिकवली, पाढे पाठ करून घेतले. रागाला राग म्हणतात, एवढं मात्र शिकवलं नाही. आपण बायकांना बोलतं करायला शिबिरं घेतो. तीन दिवस गोल करून बसतो, तेव्हा कुठे तिसऱ्या दिवशी एखादीच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं. हेच सात वर्षांच्या मुलीला तिच्या शाळेतच मिळालं तर? आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलालाही? आज मला एवढंच मांडायचं आहे.

गुणी मुलगी

आधी माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला अधिकार नाही.

१९९१ साली मी नोकरीला लागले. दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. मुख्याध्यापकांकडे तिसरी-चौथी असायची, पण ते सारखे पंचायत समितीत, म्हणून चारही वर्ग माझ्याच गळ्यात. तिसरीत एक मुलगी होती. मोत्यासारखं अक्षर, वेणी-फणी नीट, कधी उलट उत्तर नाही. मी तिला मॉनिटर केलं होतं. तिच्या आईला सांगायचे, "फार गुणी पोर आहे तुमची."

एकदा मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "बाई, मला शिकवणीला नाही जायचं." गावातला एक माणूस मुलांच्या शिकवण्या घ्यायचा. घरच्यांच्या विश्वासातला, देवळातल्या कामात पुढे असणारा. मी विचारलं, "का गं?" ती काही बोलली नाही. नखानं भिंतीचा चुना खरवडत उभी राहिली. मला वह्या तपासायच्या होत्या. मी म्हटलं, "असं नाही म्हणायचं. शहाणी ना तू? आई-बाबा पैसे भरतात तुझ्यासाठी." ती "हो बाई" म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. त्यानंतर तिनं मला स्वतःबद्दल कधीच काही सांगितलं नाही.

दोन वर्षांनी कळलं. कसं कळलं ते इथे सांगत नाही. त्या घरानं गाव सोडलं. त्या माणसाला कुणी जाब विचारला नाही. मीही नाही.

मैत्रिणींनो, मी तिला मारलं नव्हतं, रागावलेही नव्हते. गोड बोलले होते. त्या गोड बोलण्यातून मी तिला शिकवलं, की तुझ्या पोटात जे कालवतंय ते खोटं आणि मोठी माणसं म्हणतात ते खरं. मुलींना भावनांचं शिक्षण मिळत नाही, असं आपण म्हणतो. ते खरं नाही. भरपूर मिळतं. गिळायचं कसं, हसून दाखवायचं कसं, दुसऱ्याचा मूड ओळखून पाऊल कसं टाकायचं, हे सगळं मुलगी पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत पक्कं शिकलेली असते. बाबा दारात चप्पल कशी काढतात यावरून आज घरात काय होणार ते तिला कळतं. आणि आपण, शिक्षिका, त्या शिक्षणावर "गुणी" असा शिक्का मारतो.

शेळी

मुलांचंही तसंच. दहा-बारा वर्षांनी, दुसऱ्या गावच्या शाळेत, माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा अचानक मारामाऱ्या करायला लागला. आज याला ढकल, उद्या त्याची पाटी फोड. पालकांच्या तक्रारी आल्या. आमचे एक सहकारी म्हणाले, "बाई, दोन लगावा, सरळ होईल." मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "काय झालंय रे?" "काय नाई. लई राग आलाय." "कुणाचा?" "सगळ्यांचा." रोज हेच उत्तर. पाचव्या-सहाव्या दिवशी त्याची धाकटी बहीण बोलली, "बाई, आमची शेळी इकली बाजारात. हाच सांभाळायचा तिला."

मी वर्गात त्याला म्हटलं, "शेळीची आठवण येते का रे?" झालं. पोरगं धाय मोकलून रडायला लागलं. आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "बायकांवाणी रडतंय!" सगळा वर्ग खो-खो हसला. मुलीसुद्धा हसल्या.

त्या दिवशी मी गणिताचा तास घेतला नाही. मी विचारलं, "रडू बायकांचं असतं असं कुणी सांगितलं?" कुणी आजोबांचं नाव घेतलं, कुणी आईचं. मग विचारलं, "घरातलं कुणी वारलं तेव्हा तुमचे बाबा, काका रडले का?" बरेच हात वर झाले. एक जण म्हणाला, "माझे बाबा गोठ्यात जाऊन रडले." हे ऐकून वर्ग गप्प झाला.

शेळीवाल्या मुलाला दुःख झालं होतं. पण दुःख हा शब्द त्याच्यासाठी घरात कुणी शिल्लकच ठेवला नव्हता. भीती वाटली, अपमान झाला, आठवण आली, काहीही झालं तरी त्याच्याकडे बाहेर काढायला एकच नाणं होतं, राग. मुलींना रडू दिलं आणि राग काढून घेतला, मुलांना राग दिला आणि रडू काढून घेतलं. पुढे ही दोघं मोठी होतात, त्यांची लग्नं होतात, आणि मग आपल्या सल्ला केंद्राच्या बाकावर त्यातली एक येऊन बसते. आपण तिथे काम सुरू करतो. ते काम तर करायलाच हवं. पण वाटणी कुठे झाली ते ठिकाणही माहीत असायला हवं.

शब्द आणि चिंचोके

मग मी काय केलं? पुस्तक वाचून काही केलं नाही, हाताशी होतं त्यातून केलं.

पहिलं काम शब्दांचं. मुलांना विचारलं, मनात काय-काय होतं? आलं: राग, भीती, मज्जा, रडू. चार. मी म्हटलं, आणखी शोधून आणा, आजीला विचारा. आठवड्यात फळा भरला. हिरमुसणं, रुसणं, वरमणं, भेदरणं, हेवा, धाकधूक, चिडचिड, घुसमट, हुरहूर, कानकोंडं होणं. एका आजीनं "जीव टांगणीला" पाठवलं. आपली भाषा या बाबतीत किती श्रीमंत आहे! कारल्याची भाजी आणि कारल्याची चटणी जशी वेगळी, तसं "रुसले" आणि "रागावले" वेगळं. मूल एकदा "मला हेवा वाटला" असं म्हणू शकलं की मग त्याला दुसऱ्याचा रंगखडू मोडावा लागत नाही. नेहमी नाही, पण पुष्कळदा.

दुसरं, शरीर. फरशीवर खडूनं एका मुलाची बाह्याकृती काढायची आणि विचारायचं, राग कुठे येतो? कान गरम होतात, मुठी वळतात, दात दाबले जातात. भीती कुठे? पोटात, गुडघ्यांत, तळहाताच्या घामात. भावना शरीरात आधी येते, शब्द मागून येतो. ज्या मुलीला पोटातल्या गोळ्याचा अर्थ कळतो, ती "मला नाही जायचं" हे जरा ठामपणे म्हणेल. तिसरीतली ती माझ्या डोळ्यांपुढे असायचीच.

तिसरं, डबे. गोडेतेलाचे चार रिकामे डबे आणले, त्यांवर चार चेहरे चिकटवले. परिपाठ झाला की प्रत्येकानं एक चिंचोका उचलायचा आणि आज जसं वाटतं त्या डब्यात टाकायचा. कोण कशात टाकतं ते कुणी बघायचं नाही. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, आणि मग टक्-टक् असा चिंचोक्यांचा आवाज. शाळा सुटल्यावर मी मोजायची.

आमचा भाग ऊसतोडीला जाणाऱ्यांचा. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, पार उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्या दिवसांत भीतीचा डबा भरायचा. आई-बाप जाणार हे मुलांना माहीत असतं. आपल्याला नेणार की आजीजवळ ठेवणार हे माहीत नसतं. कुणी सांगतच नाही. एका पहाटे उठून बघावं तर घर रिकामं. मी पालकसभा घेतली आणि फक्त एक विनंती केली: जायच्या आधी मुलांना सांगा. कुठे जाताय, कधी येणार, त्याला कुठे ठेवणार. एक बाई म्हणाली, "सांगितलं तर रडंल की वो." मी म्हटलं, "रडू द्या. तुम्हीपण रडा. पण सांगून जा." काहींनी ऐकलं. ज्यांनी सांगितलं त्यांची मुलं रडली, पण हंगामी वसतिगृहात जेवू-झोपू लागली. न सांगता गेलेल्यांची मुलं रस्त्याकडे तोंड करून बसायची.

चौथं, भांडणं. मुलांची स्वतःची न्यायपद्धत असते: कट्टी आणि बट्टी. आपण मधे पडून "सॉरी म्हण" म्हणतो, मूल म्हणतं, आणि मनातली कट्टी तशीच राहते. आम्ही नियम केला. कट्टी घ्यायला हरकत नाही, पण का घेतली ते समोरच्याला सांगायचं. समोरच्यानं ते आधी आपल्या तोंडानं परत म्हणून दाखवायचं: "तुझं म्हणणं आहे की मी तुझा डाव घेतला." मग आपली बाजू. एवढ्यानं निम्मी भांडणं मिटायची, कारण परत म्हणताना मुलांना स्वतःलाच हसू यायचं.

पाचवं, खिचडी. पोषण आहार वाढताना मुलगे आधी ताट घेऊन बसायचे, मुली वाढायच्या. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप. आम्ही वाढण्याच्या पाळ्या लावल्या, मुलगे-मुली मिसळून. पहिल्या दिवशी एका मुलाचे आजोबा भांडायला आले, "आमच्या नातवाला भांडी उचलायला लावता?" मी म्हटलं, "आजोबा, तो शिकतोय. दुसऱ्याची भूक ओळखायला शिकतोय." त्यांना पटलं नाही. पण नातू वाढत राहिला, आणि "तुला पुरलं का?" असं विचारायला लागला.

हे नवीन नाही

याला आता सामाजिक-भावनिक शिक्षण असं भारदस्त नाव आहे. अमेरिकेत १९९४ साली यासाठी एक संस्था उभी राहिली, १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांचं भावनिक बुद्धिमत्तेवरचं पुस्तक गाजलं. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच दशकात दहा जीवनकौशल्यं सांगितली, त्यात स्वतःची ओळख, समानुभूती, भावनांशी आणि ताणाशी जुळवून घेणं ही आहेत. २०११ साली अशा २१३ शालेय कार्यक्रमांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात २ लाख ७० हजार मुलं होती. ज्या मुलांना हे शिक्षण मिळालं त्यांचं वागणं सुधारलंच, शिवाय अभ्यासातही ती बरोबरच्या मुलांच्या शंभरांच्या रांगेत सरासरी अकरा जागा पुढे सरकली. म्हणजे "यात वेळ घालवला तर अभ्यासाचं काय" असं विचारणाऱ्यांना उत्तर आहे.

पण आपल्याकडे हे परदेशातून आलं असं म्हणू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला वारली मुलांमध्ये नेलं. मुलं गुरं घेऊन रानात जातात, शाळेत येत नाहीत, म्हणून शाळाच कुरणात नेली. मुलाला काय वाटतं, ते काय करतं, तिथून सुरुवात.

त्याहीआधीचं एक नाव सांगते. मुक्ता साळवे. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी. १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. विषय होता, मांग-महारांचं दुःख. आपण तो निबंध दलित साहित्याची, स्त्री-साहित्याची सुरुवात म्हणून वाचतो, ते योग्यच आहे. मी प्राथमिक शिक्षिका म्हणून वाचते तेव्हा मला दिसतं, की एका शाळकरी मुलीनं आपल्या दुःखाला शाळेत शिकलेल्या अक्षरांत नाव दिलं. आणि नाव दिल्याबरोबर ते तिच्या एकटीचं राहिलं नाही, त्याचा प्रश्न झाला. हे दुःख कुणी दिलं, का दिलं, असं ती विचारू लागली. सावित्रीबाई-जोतीरावांनी तिला "शांत बस, चांगलं चांगलं मनात आण" असं सांगितलं नाही.

"डोळे मिटा, शांत बसा"

आता मला धोक्याचं बोलायचं आहे.

आमच्या शाळेच्या भिंतीवर मूल्यशिक्षणाचा तक्ता होता. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, स्त्री-पुरुष समानता, अशी दहा मूल्यं. मुलं ती घडाघडा म्हणायची. तक्ता वाचत असतानाच एखाद्याचा कान पिळला जायचा. दिल्लीच्या सरकारी शाळांमध्ये २०१८ साली आनंदाचा अभ्यासक्रम सुरू झाला, नर्सरी ते आठवी, त्यात ध्यान, गोष्टी, खेळ होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सामाजिक-भावनिक शिक्षणाचा उल्लेख आहे. म्हणजे हा विषय आता तक्त्यावर येतो आहे. आनंदच आहे. पण तक्त्यावर आलेल्या गोष्टीचं आपल्याकडे काय होतं, ते मी बत्तीस वर्षं पाहिलं आहे.

माझ्या एका शाळेत पाण्याच्या टाकीवर एका मुलीला "तू मागून घे" असं रोज ऐकावं लागायचं. कोणत्या वस्तीतली, ते मी सांगायला नको. ती एकदा खवळली आणि तिनं ग्लास फेकून मारला. वर्गात तिला काय शिकवायचं? दहा आकडे मोज, मोठा श्वास घे, राग आवर? ग्लास फेकू नये हे मी तिला सांगितलं. पण त्याआधी संपूर्ण वर्गासमोर सांगितलं, की तिचा राग बरोबर आहे. आणि तिला मागे उभं करणाऱ्यांना बसवून विचारलं, तुम्हाला कुणी असं मागे उभं केलं तर पोटात काय होईल? मग टाकीपुढची रांग मी स्वतः उभी राहून लावली, महिनाभर.

राग आवरायला शिकवणं आणि राग कशाचा आहे ते बघायला शिकवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट शाळांना आवडते, कारण वर्ग शांत होतो. मालकांनाही आवडते, नवऱ्यांनाही आवडते. मुलींना आणि दलित-आदिवासी मुलांना जर आपण या नावाखाली फक्त समजुतदारपणा शिकवणार असू, तर ते जुनंच "सोस बाई" नव्या तक्त्यावर लिहिल्यासारखं होईल. म्हणून मी माझ्यापुरता नियम केला होता: वर्गात मुलींना "नाही" म्हणायचा सराव जास्त द्यायचा, मुलांना "मला भीती वाटली" म्हणायचा. खेळच होता तो. मुली जोडी करून एकमेकींना म्हणायच्या, "माझी वही दे." "नाही." "दे ना गं, मैत्रीण ना मी?" "मैत्रीण आहेस, पण नाही." पहिल्यांदा बऱ्याच मुलींच्या तोंडून "नाही" निघायचंच नाही, हसू निघायचं. तुम्हीही इथे करून बघा, आज दुपारी. कळेल किती अवघड आहे ते.

ऐकणारं कोण?

हे सगळं केलं आणि एक दिवस एका मुलीनं मला सांगितलं.

चौथीतली होती. डब्यांच्या खेळानंतर थांबली आणि म्हणाली, "बाई, माझा चिंचोका रोज भीतीत असतो." या वेळी मी वह्या बाजूला ठेवल्या. "का" असं विचारलं नाही. म्हटलं, "बरं झालं सांगितलंस. सांगायचं तेवढंच सांग, मी ऐकतेय." तिनं सांगायला तीन दिवस घेतले. घरातलाच माणूस होता.

तोवर २०१२ चा पोक्सो कायदा आलेला होता. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. मुलीला पोलीस ठाण्यात न्यावं लागत नाही, तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे घेता येतो. मला हे माहीत होतं, कारण आपल्याच संघटनेच्या शिबिरात ऐकलं होतं. मी वरिष्ठांना सांगितलं. उत्तर आलं, "बाई, गावाची बदनामी होईल. तुमची बदली होईल. आईला समजावून सांगा आणि मिटवा." १०९८ वर फोन मी स्वतः केला, आणि आपल्या दोन कार्यकर्त्या दुसऱ्या दिवशी आल्या. पुढे जे झालं ते सोपं नव्हतं. गावातल्या काहींनी माझ्याशी बोलणं सोडलं. बदलीही झाली. पण ती मुलगी शिकली, आणि आईबरोबर राहिली.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या चिमुकल्यांवर शाळेतच अत्याचार झाल्याचं उघड झालं तेव्हा सगळीकडे "चांगला स्पर्श, वाईट स्पर्श" शिकवायची धावपळ उडाली. शिकवा, जरूर शिकवा. पण मुलीला "सांग" म्हणायचं आणि सांगितल्यावर ऐकणारं कुणी ठेवायचं नाही, हा तिचा दुसऱ्यांदा केलेला विश्वासघात आहे. तिसरीतल्या त्या मुलीला बोलता येत होतं. तिनं पाच शब्दांत सांगितलं होतं. कमी पडले ते माझे कान.

आणि शिक्षिकेचे कान उघडे राहायचे तर तिच्याही मनाचं कुणीतरी बघायला हवं. दोन वर्ग एकदम, खिचडीचा हिशेब, निवडणुकीची कामं, जनगणनेची कामं, माहिती भरून पाठवा, आजच्या आज पाठवा. घरी गेलं की दुसरी पाळी. अशा बाईला आपण म्हणतो, प्रत्येक मुलाचं मन ओळख. आमच्या केंद्रातल्या पाच-सहा जणी महिन्यातून एकदा परिषद संपल्यावर अर्धा तास थांबायचो आणि आमचे आमचे चिंचोके टाकायचो. त्या अर्ध्या तासानं मला नोकरीत टिकवलं.

आपण काय करायचं?

शाळा ही शिक्षकांची असं समजून आपण बाहेर राहतो. तसं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि एकूण निम्म्या बायका असायला हव्यात. त्याच कायद्याच्या सतराव्या कलमानं मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला बंदी आहे. एकोणतिसाव्या कलमात तर स्पष्ट म्हटलं आहे, की मूल भयमुक्त असावं आणि त्याला मोकळेपणानं मत मांडता यावं. म्हणजे मी जे सांगतेय ते हौसेचं काम नाही, कायद्यातलं आहे.

तुमच्यातल्या किती जणींना माहीत आहे, तुमच्या गावच्या समितीत कोणत्या बायका आहेत? (तीन हात वर झाले.) बघा. सह्यांपुरत्या असतील तर त्यांना भेटा. समितीच्या पुढच्या सभेत चार प्रश्न विचारा. शाळेत मुलं मार खातात का? खिचडी कोण वाढतं, कोण आधी जेवतं? मुलीनं काही सांगितलं तर ते कुणाला सांगायचं, हे तिला माहीत आहे का? आणि त्या माणसानं पुढे काय करायचं, हे त्या माणसाला माहीत आहे का?

आणि घरी. शिबिराहून परत गेल्यावर आज रात्री मुलांना विचारू नका, की "शहाण्यासारखे वागलात ना?" विचारा, "आज कशाचा राग आला?" मुलाला विचारा, "आज कशाची भीती वाटली?" उत्तर लगेच येणार नाही. थांबा. भाजी निवडत विचारा, मुलालाही दोन जुड्या निवडायला द्या, हात गुंतले की तोंड मोकळं होतं. आणि तुम्हालाही आला असेल राग, तर तोही सांगा. डोकं दुखतंय असं सांगू नका.

तिसरीतली ती मुलगी आता चाळिशीची असेल. कुठे आहे मला माहीत नाही. अशाच एखाद्या शिबिरात गोल करून बसली असेल, आणि तिच्या शेजारणीनं विचारलं असेल, असं मी मनाशी धरून चालते. पण तिला एवढी वाट बघायला लागू नये, म्हणून मी बोलले.

हात वर आहे का कुणाचा?